आयएसओ फाईल तयार झाली, पण प्रत झाली का?

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की पुण्यातल्या माळ्यांवरून जुने प्लेस्टेशन खाली उतरतात, आणि त्यांच्याबरोबर धूळ खात पडलेल्या डिस्कही. या डिस्क संगणकावर उतरवून एम्युलेटरमध्ये (जुन्या गेम-यंत्राचे काम संगणकावर करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) चालवण्याविषयी गेल्या महिन्याभरात बरेच प्रश्न आले. त्यांपैकी सर्वांच्या उपयोगाचे काही प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : माझ्याकडे पहिल्या प्लेस्टेशनच्या बारा मूळ डिस्क आहेत. सर्वांच्या आयएसओ फाईल (डिस्कची एकाच फाईलीत घेतलेली प्रत) करून घेतल्या. बहुतेक गेम सुरू होतात, पण एका शर्यतीच्या गेममध्ये संगीतच नाही, नुसता गाड्यांचा आवाज येतो. एम्युलेटर बदलूनही फरक पडला नाही. (कोथरूड)

दोष एम्युलेटरचा नाही. आपल्या फाईलमध्ये संगीत आलेलेच नाही. सीडीवरचा मजकूर सेक्टरांमध्ये विभागलेला असतो आणि प्रत्येक सेक्टर २३५२ बाइटचा असतो. साध्या संगणकीय सीडीत त्यांपैकी २०४८ बाइट माहितीचे आणि उरलेले पत्ता व चूक-दुरुस्तीचे असतात. आयएसओ फाईल ही फक्त ते २०४८ बाइट उचलते. कार्यालयातल्या कागदपत्रांच्या सीडीसाठी तेवढे पुरते. प्लेस्टेशनच्या डिस्कवर मात्र दोन गोष्टी अशा असतात की ज्या या मापात बसत नाहीत. चित्रफिती आणि संवाद बहुधा २३२४ बाइटच्या सेक्टरांत साठवलेले असतात, त्यामुळे आयएसओमध्ये ते अडखळतात किंवा गायब होतात. शिवाय काही गेमचे संगीत हे गाण्यांच्या सीडीप्रमाणे स्वतंत्र ट्रॅकमध्ये असते, आणि आयएसओमध्ये ट्रॅक ही कल्पनाच नाही. ७४ मिनिटांच्या पूर्ण भरलेल्या सीडीत ३,३३,००० सेक्टर असतात. ते सगळे जसेच्या तसे उतरवले तर सुमारे ७८३ एमबी होतात, आयएसओच्या मापाने फक्त ६८२. हा फरक म्हणजे आपण टाकून दिलेला माल.

खात्री करून घ्यायची असेल, तर ती डिस्क घरातल्या गाण्यांच्या सीडी प्लेअरमध्ये घालून थेट दुसऱ्या ट्रॅकवर जावे. पहिला ट्रॅक माहितीचा असतो, तो वाजवू नये. जुन्या प्लेअरमधून कर्कश खरखर ऐकू येते आणि स्पीकरला ते बरे नाही. दुसऱ्या ट्रॅकपासून शर्यतीचे संगीत वाजू लागले, तर आपले निदान झाले.

उपाय असा की डिस्क पुन्हा वाचावी आणि या वेळी बिन व क्यू अशी फाईलींची जोडी करून घ्यावी. विंडोजवर इमगबर्नमध्ये डिस्कवरून फाईल करण्याचा पर्याय निवडल्यास अशा सीडीसाठी तो स्वतःच ही जोडी करतो. लिनक्सवर सीडीआरडीएओ वापरता येतो, पण त्यात संगीताच्या बाइटांचा क्रम उलटा येतो. तो सरळ करून घेतला नाही तर गाण्याच्या जागी नुसता खरखराट मिळतो. बिनमध्ये २३५२ बाइटचे पूर्ण सेक्टर असतात. क्यू ही दहावीस ओळींची साधी मजकूर-फाईल असते. नोटपॅडमध्ये उघडून पाहा. पहिल्या ओळीत बिन फाईलचे नाव असते, त्याखाली प्रत्येक ट्रॅकचा क्रमांक, प्रकार आणि तो कोठे सुरू होतो त्याची वेळ असते. ही वेळ मिनिट, सेकंद आणि सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग अशी लिहितात. येथेच एक सावधगिरी : बिन फाईलचे नाव बदलले आणि क्यूमधल्या ओळीत तो बदल केला नाही, तर गेम सुरूच होणार नाही. एका वाचकांनी हौसेने सर्व फाईलींना मराठी नावे दिली आणि मग ‘सर्व प्रती खराब झाल्या’ असे कळवले. प्रती ठीक होत्या, क्यूला त्या सापडत नव्हत्या इतकेच.

प्रश्न : मग प्लेस्टेशन २ साठीही हीच जोडी करायची का? (सिंहगड रस्ता)

डिस्क उलटी करून पाहावी. खालची बाजू निळसर असेल तर ती सीडी आहे, तिची बिन-क्यू जोडी करावी. रुपेरी असेल तर ती डीव्हीडी आहे; डीव्हीडीचा ड्राइव्ह संगणकाला मुळात २०४८ बाइटचेच सेक्टर देतो, त्यामुळे तेथे आयएसओ ही पूर्ण प्रत ठरते. पहिल्या प्लेस्टेशनच्या काळ्या डिस्क मात्र सर्व सीडीच आहेत. तो काळा रंग म्हणजे नुसता दिमाख. सीडीचा ७८० नॅनोमीटरचा अवरक्त लेझर त्यातून आरपार जातो.

प्रश्न : लॅपटॉपला ड्राइव्ह नाही. या कामासाठी खास ड्राइव्ह घ्यावा लागेल का? माझ्याकडे ड्रीमकास्ट आणि गेमक्यूबच्याही डिस्क आहेत. (औंध)

प्लेस्टेशनच्या दोन्ही पिढ्यांसाठी तपकीर गल्लीत मिळणारा यूएसबीचा साधा डीव्हीडी रायटर पुरतो. मूळ डिस्कच्या आतल्या कडेला प्लेस्टेशनने ओळखायची जी नागमोडी खूण असते ती संगणकाचा ड्राइव्ह वाचू शकत नाही, पण एम्युलेटरला तिची गरजही नसते. उरलेल्या दोन यंत्रांचे मात्र तसे नाही. ड्रीमकास्टची जीडी-रॉम आणि गेमक्यूबची आठ सेंटिमीटरची छोटी डिस्क सर्वसाधारण ड्राइव्हमध्ये वाचली जात नाही. गेमक्यूबच्या डिस्क, हौशी लोकांनी लिहिलेले घरगुती प्रोग्रॅम चालतील असे तयार केलेल्या निन्टेंडोच्या वी या यंत्रावर क्लीनरिप या प्रोग्रॅमने उतरवता येतात, आणि ड्रीमकास्टच्या डिस्क खुद्द ड्रीमकास्टलाच एसडी कार्डाचा अडॅप्टर जोडून.

प्रश्न : डिस्क ६० टक्क्यांवर अडकते. दुकानदार म्हणतो टूथपेस्ट लावून घासा. घासू का? (धायरी)

लगेच घासू नका. टूथपेस्टमध्ये बारीक कण असतात. ते एक चरा पुसट करतात आणि शंभर नवे पाडतात. आधी डिस्क खरोखर चरांमुळे अडते आहे का ते पाहावे, कारण पुण्याच्या पावसाळ्यात वेगळेच काही झालेले असण्याचा संभव मोठा आहे. माझ्या स्वतःच्या डिस्क सदाशिव पेठेतल्या जुन्या घराच्या माळ्यावर प्लॅस्टिकच्या पातळ पाकिटांत होत्या. तीन पावसाळ्यांनंतर पाहिले तर पाकिटाचे प्लॅस्टिक डिस्कला चिकटले होते आणि सोलून काढल्यावर खालच्या बाजूला ढगासारखा चिकट थर राहिला होता. मला वाटले, संपले सारे. पण डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेल्या मऊ सुती कापडाने दोनदा पुसल्यावर अकरापैकी नऊ डिस्क पहिल्या झटक्यात वाचल्या गेल्या.

पुसताना मधल्या भोकापासून कडेकडे सरळ हात न्यावा, गोल गोल फिरवू नये. यामागे कारण आहे. सीडीवरची चूक-दुरुस्ती अशी रचलेली असते की सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा तुटलेला माग (माहितीची गोल फिरत जाणारी रेघ) ती भरून काढू शकते. आडवा चरा मागाला फक्त ओलांडून जातो, त्यामुळे तो बहुधा निभावतो. गोल चरा मागाच्या दिशेनेच धावतो आणि ही मर्यादा सहज ओलांडतो.

यानंतर डिस्क ट्यूबलाइटसमोर किंवा टॉर्चसमोर धरावी. टाचणीच्या टोकाएवढे प्रकाशाचे ठिपके आरपार दिसले, तर तेथला ॲल्युमिनियमचा थरच गेला आहे आणि त्यावर कोणताही लेप चालत नाही. सीडीचा हा थर छापील बाजूच्या पातळ वार्निशखाली लगेच असतो. म्हणून खालच्या बाजूचा खोल चरा परवडला, पण नाव छापलेल्या बाजूचा ओरखडा नको. त्या बाजूवर बॉलपेनने किंमत किंवा नाव लिहिणारे दुकानदार किती डिस्कचे मारेकरी आहेत, याची गणती नाही. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मध्ये असल्यामुळे ती या बाबतीत सुरक्षित असते.

ठिपके नसतील, तर वाचनाचा वेग कमी करून पाहावे आणि तरीही अडली तर दुसऱ्या कंपनीच्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावे. एका ड्राइव्हला न जमलेली डिस्क दुसरा विनातक्रार वाचतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. पॉलिश करणारे यंत्र हा शेवटचा उपाय. मात्र ‘वाचनातील चुका दुर्लक्षित करा’ ही खूण करून काम उरकू नये. प्रोग्रॅम न वाचलेल्या जागी शून्ये भरतो, शंभर टक्के झाल्याचे सांगतो, आणि आपल्याला त्याचा पत्ता सातव्या टप्प्यावर गेम गोठल्यावर लागतो.

प्रश्न : प्रत बरोबर झाली हे ओळखायचे कसे? मी फाईलींचे आकडे रीडंप या मूळ डिस्कच्या अचूक प्रतींचे आकडे नोंदवणाऱ्या संकेतस्थळावरच्या नोंदींशी ताडून पाहिले. पहिला ट्रॅक जुळला, बाकीचे एकही जुळले नाहीत. डिस्क तर आरशासारखी स्वच्छ आहे. (सहकारनगर)

असा ताळा करून पाहणारे वाचक विरळा, म्हणून आपले अभिनंदन. गेम सुरू झाला म्हणजे प्रत पूर्ण झाली असे नव्हे. सुरुवातीच्या पडद्यासाठी डिस्कचा अगदी थोडा भाग वाचला जातो. खरी कसोटी म्हणजे फाईलीचा एमडी५ किंवा एसएचए-१ आकडा, म्हणजे तिच्यातल्या सर्व बाइटांवरून काढलेली ओळखखूण. विंडोजवर सर्टयुटिल आणि लिनक्सवर एसएचए१सम या आज्ञा तो काढून देतात, आणि एक बिट जरी बदलला तरी आकडा पूर्ण वेगळा येतो.

आपल्या बाबतीत पहिला, म्हणजे माहितीचा ट्रॅक जुळला आहे, तेव्हा डिस्क आणि ड्राइव्ह दोन्ही ठीक आहेत. माहितीच्या सेक्टरावर त्याचा पत्ता लिहिलेला असतो, म्हणून ड्राइव्ह नेमक्या जागी पोहोचतो. संगीताच्या सेक्टरात असा पत्ता नसतो. एका सेक्टरात ध्वनीचे ५८८ नमुने असतात आणि ड्राइव्हच्या प्रत्येक मॉडेलची सवय ठरलेली असते : एखादा शेकडो नमुने आधी सुरुवात करतो, एखादा नंतर. कानाला हा फरक मुळीच जाणवत नाही, आकडा मात्र बदलतो. आपल्या ड्राइव्हचा हा फरक हिशेबात घेणारा रीडंपरसारखा प्रोग्रॅम वापरावा, म्हणजे उरलेले ट्रॅकही जुळतील. नुसते खेळायचेच असेल, तर आहे ती प्रत पुरेशी आहे.

ज्या डिस्कची नोंद कोठेच सापडत नाही, ती शक्यतो दोन वेगळ्या ड्राइव्हमध्ये एकेकदा वाचावी. माहितीच्या ट्रॅकचे दोन्ही आकडे एकच आले, तर निश्चिंत राहावे.

प्रश्न : एका गेमची बिन-क्यू प्रत व्यवस्थित झाली, आकडेही जुळतात, तरी थोडे खेळल्यावर गेम नेहमी एकाच जागी थांबतो. डिस्कवर एसएलईएस असा क्रमांक आहे. (पिंपरी)

एसएलईएस किंवा एससीईएस म्हणजे युरोपासाठीची आवृत्ती. त्यांपैकी काही गेमवर लिबक्रिप्ट नावाचे संरक्षण आहे. ते सेक्टरच्या २३५२ बाइटांत नसून त्याबरोबर धावणाऱ्या ९६ बाइटांच्या उपवाहिनीत काही ठिकाणी मुद्दाम केलेल्या बदलांत असते, आणि बिन फाईलमध्ये उपवाहिनी येत नाही. ते बदल नोंदवणारी एसबीआय नावाची छोटी फाईल बिनच्याच नावाने शेजारी ठेवली की डकस्टेशन हा एम्युलेटर ती उचलतो. रीडंपर उपवाहिनीही वाचतो.

प्रश्न : बायोसची फाईल कोठून घ्यावी? आणि हे सारे कायद्यात बसते का? (कर्वेनगर)

बायोस म्हणजे यंत्र सुरू होताना प्रथम चालणारा प्रोग्रॅम, तो एम्युलेटरलाही लागतो. तो कॉपीराइट असलेला प्रोग्रॅमच आहे, म्हणून तो आपल्या स्वतःच्या यंत्रातून काढावा. प्लेस्टेशन २ वर फ्री मॅकबूट (घरगुती प्रोग्रॅम चालू करून देणारा प्रोग्रॅम) असलेले मेमरी कार्ड लावून, बायोस उतरवणारा छोटा प्रोग्रॅम चालवला की चार एमबीची फाईल पेन ड्राइव्हवर येते. पीसीएसएक्स२ या प्लेस्टेशन २ च्या एम्युलेटरसोबत ती मिळत नाही, आणि ते योग्यच आहे.

कायद्याविषयी मी वकील म्हणून बोलत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२(१)(एए) नुसार संगणकीय प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास, ती हरवणे वा खराब होणे यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून, मूळ उद्देशापुरती बॅकअप प्रत करता येते. मात्र २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ए, हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची आणि दंडाची तरतूद करते. हेतू हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. स्वतःच्या डिस्कची स्वतःसाठी प्रत, आणि तीच प्रत मित्रांच्या गटात वाटणे, या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

प्रश्न : प्रती झाल्यावर मूळ डिस्क जुन्या बाजारात विकून टाकाव्यात म्हणतो. (रास्ता पेठ)

विकायच्या असतील तर प्रती पुसून टाकाव्यात. बॅकअपचा आधार आपल्याजवळची मूळ डिस्क हाच आहे.

प्रश्न : कॉलेजात असताना रस्त्यावरून स्वस्तात घेतलेल्या ‘कॉपी’ डिस्कची प्रत करावी का? (नऱ्हे)

ती मुळातच बेकायदा प्रत आहे, तिला बॅकअपची सवलत लागू होत नाही. शिवाय अशा डिस्कवरचा रंगाचा थर उन्हाने आणि वयाने फिकट होतो, त्यामुळे बऱ्याचशा आता वाचल्याही जाणार नाहीत.

प्रश्न : सर्व प्रती मिळून हार्ड डिस्क भरत आली. झिप करून ठेवू का? (विमाननगर)

झिपऐवजी सीएचडी करावी. मेम या एम्युलेटरसोबत येणारा सीएचडीमॅन हा प्रोग्रॅम बिन-क्यूची जोडी एकाच फाईलीत दाबून बसवतो, काहीही न गमावता, आणि हवी तेव्हा मूळ जोडी परत काढता येते. डकस्टेशन आणि पीसीएसएक्स२ ही फाईल थेट चालवतात. डीव्हीडीसाठी वेगळी आज्ञा आहे, तेवढे ध्यानात ठेवावे. एक संच दुसऱ्या हार्ड डिस्कवर आणि जमल्यास दुसऱ्या घरी असावा.

प्रश्न : माझ्याकडे ‘हनुमान : बॉय वॉरियर’ची प्लेस्टेशन २ ची डिस्क आहे. गेम फार चांगला नाही. प्रत करण्याचा खटाटोप करावा का? (बिबवेवाडी)

अवश्य करावा, आणि बाकी सर्व डिस्कच्या आधी करावा. जगभर लाखोंनी खपलेल्या गेमची प्रत कोणी ना कोणी जपून ठेवलेली असते. २००९ मध्ये आलेल्या या भारतीय गेमची डिस्क जपायची तर ती आपल्याच माणसांनी जपायला हवी, मग खेळायला गेम कसाही असो. आयएसओ करून दोन ड्राइव्हवर ताडून पाहा. त्यानंतर डिस्क, डबीचे मुखपृष्ठ आणि आतली पुस्तिका यांचे स्वच्छ उजेडात फोटो काढा. मधल्या भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्याजवळ चकाकत्या पृष्ठभागावर बारीक अक्षरांत एक क्रमांक कोरलेला असतो; दिवा तिरपा धरला आणि भिंग लावले की तो वाचता येतो. कारखान्यातून निघालेल्या वेगवेगळ्या आवृत्त्या त्यावरूनच ओळखतात, तेव्हा तो उतरवून एसएचए-१ च्या आकड्याबरोबर त्याच फोल्डरमध्ये ठेवा.