कादंबरीत तारीख कुठली टाकू?

प्रश्न: दादा, मी कोल्हापूरचाच. फँटसी कादंबरी लिहायला घेतलीय, डोंगरातली राज्यं, उडणारे घोडे असलं सगळं. पण लढाई कधी झाली म्हटलं की '१२ मार्च' लिहितो आणि वाचताना बँकेचं पासबुक वाटतं. म्हणून तेरा महिने, आठ दिवसांचा आठवडा असं नवं कॅलेंडर केलं, तर मित्र म्हणाला पहिल्याच पानावर डोकं गरगरलं. काय करू?

उत्तर: मित्राचं बरोबर आहे भावा. ते तेरा महिने तुझ्या वहीत राहू देत, वाचकाला पाठ करायला लावू नको.

आधी एवढं ठरव की तिथली माणसं सूर्य बघून दिवस मोजतात की चंद्र. आपल्याकडं दोन्ही चालतंय की. अंबाबाईचा किरणोत्सव सूर्यावर, म्हणून ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि परत ९ ते ११ नोव्हेंबर, मावळतीची किरणं पहिल्या दिवशी पायाशी, मग छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर (ढग आडवे आले नाहीत तर!). आणि जोतिबाची यात्रा चैत्र पौर्णिमेची, म्हणून २०१८ला ती ३१ मार्चला आली आणि २०२४ला २३ एप्रिलला. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, दरवर्षी साधारण ११ दिवस मागं पडतं, म्हणून अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालायला लागतो. आता तुझ्या राज्यात हा महिना कधी घालायचा ते कोण ठरवतं? राजाचा जोशी पैसे खाऊन महिना वाढवतोय आणि शेतकऱ्याची शेतसारा भरायची मुदत सरकतेय, हे मला उडणाऱ्या घोड्यापेक्षा जास्त आवडेल, खरं सांगतो.

दुसरं, वर्षाचा आकडा कुणापासून सुरू होतो ते बघ. शिवाजी महाराजांनी १६७४ला राज्याभिषेक करून घेतला आणि तिथून नवा शक धरला, म्हणजे कागदावर वर्ष लिहितानाच राज्य कुणाचं ते कळायचं. पेशव्यांच्या कागदांत तर शुहूर सन (वर्ष मोजायची आणखी एक पद्धत) अरबी शब्दांत, 'सीत सबैन मया व अलफ', म्हणजे सहा, सत्तर, शंभर आणि हजार, झाले ११७६. त्यात ५९९ मिळवले की आपलं १७७५-७६ निघतं. तुझा हरलेला सरदार चोरून जुनाच शक लिहीत असेल तर एका ओळीत त्याचा पक्ष कळला, वेगळं सांगायला नको.

आणि बोलताना कोण पूर्ण तारीख सांगतंय? आपली आजी 'मृगाचा पहिला पाऊस पडला तेव्हा' म्हणते, 'महापुराच्या वर्षी' म्हणते. तुझ्या माणसांनाही तसंच बोलू दे, पूर्ण तारीख फक्त फर्मानात आणि पत्राच्या डोक्यावर. तू मात्र एक्सेलमध्ये कथेच्या पहिल्या दिवसापासून १, २, ३ असे दिवस मोजत जा, नाहीतर बाई दोन महिन्यांत बाळंत होते आणि वाचक बरोबर तेच पकडतात.