रस्ता एकेरी करून परतीच्या बस मागच्या रस्त्याने वळवणार आहेत. त्याचा परिणाम आधीच कसा मोजायचा?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्यात तुमच्या भागातला मुख्य रस्ता प्रायोगिक तत्त्वावर एकेरी होणार, परतीच्या पीएमपी बस मागच्या समांतर रस्त्याने जाणार, हरकती-सूचना मागवल्यात, आणि तुम्हाला नुसतं ‘गैरसोय होईल’ असं न लिहिता आकडे द्यायचेत. हातात दोन आठवडे आणि चार-पाच माणसं असतील तर हे नीट जमतं.

पहिलं काम म्हणजे आजची स्थिती मोजून ठेवणं. बदल लागू झाल्यावर आधीचे आकडे कुठूनही मिळत नाहीत. मग ‘पूर्वीपेक्षा बरं चाललंय’ हे कुणी म्हटलं तर ते खोडताही येत नाही आणि मान्यही करता येत नाही. मोजणी मंगळवारी किंवा बुधवारी करा. गुरुवारी पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या कारखान्यांना सुट्टी असते, सोमवारी लक्ष्मी रस्त्यासारख्या बाजारपेठेत बरीच दुकानं बंद असतात. गणपती, दिवाळीची सुट्टी, परीक्षेचे दिवस टाळा. सकाळी साडेआठ ते साडेअकरा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ, पंधरा-पंधरा मिनिटांचे रकाने करा. चौकात प्रत्येक बाजूने सरळ, डावीकडे, उजवीकडे जाणारी वाहनं वेगळी मोजा. वळणाऱ्यांचा आकडा नसेल तर पुढचा सिग्नल तुंबेल की नाही हे कळत नाही. एखाद्या गॅलरीतून मोबाईलवर चित्रीकरण केलं तर नंतर निवांत मोजता येतं.

आता हिशेब. रस्त्याची क्षमता पीसीयूमध्ये, म्हणजे एका कारच्या जागेच्या मापात, मोजतात. आयआरसी:१०६ (१९९०), म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या शहरी रस्त्यांच्या क्षमतेविषयीच्या मार्गदर्शक पुस्तिकेप्रमाणे, वाहनांत दहा टक्के किंवा जास्त वाटा असेल तर दुचाकी ०.७५ आणि रिक्षा २ धरतात. बसचा वाटा पाच टक्क्यांपर्यंत असेल तर एक बस २.२. समजा तासाला १,६०० दुचाकी, ४०० कार, ३०० रिक्षा आणि ३० बस जातात. म्हणजे १,२०० अधिक ४०० अधिक ६०० अधिक ६६, एकूण २,२६६ पीसीयू.

हा आकडा कशाशी ताडायचा, इथेच बहुतेक प्रस्ताव फसतात. दोन लेनच्या एकेरी रस्त्याची क्षमता त्याच आयआरसीत तीन प्रकारे दिली आहे: तासाला २,४००, १,९०० आणि १,४०० पीसीयू. पहिली फक्त अशा रस्त्याला लागू, जिथे कडेला दुकानं-घरांची दारं उघडत नाहीत आणि कुणी गाडी उभी करत नाही. कडेला गाड्या लागतात, गल्ल्यांतून वाहनं आत-बाहेर करतात, अशा रस्त्याला १,४०० धरायचे. प्रस्तावात २,४०० धरले असतील आणि तुमच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना गाड्या लागत असतील, तर फोटोसह तेवढा एकच मुद्दा पुरेसा वजनदार आहे. पार्किंग हटवल्याशिवाय तो रस्ता एकेरी करूनही मोकळा होणार नाही.

दुसरा आकडा माणसांचा, आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा महत्त्वाचा. दुचाकीवर सरासरी १.३, कारमध्ये १.५, रिक्षात १.७ आणि बसमध्ये ४५ प्रवासी निघाले असं धरा (तुमच्याकडचे आकडे स्वतः मोजा). मग त्या तासात सुमारे ४,५४० माणसं जातात आणि त्यातली १,३५० बसमध्ये असतात. बस जागा व्यापतात तीन टक्के, माणसं नेतात तीस टक्के. वाहनं मोजून केलेल्या अहवालात ही माणसं दिसतच नाहीत.

आता बसची फेरी. आजच्या मार्गावर गर्दीच्या वेळी दोन्ही दिशांना किमान पाच-पाच वेळा बसने प्रवास करून चालती वेळ, थांब्यावरची वेळ आणि सिग्नलची वेळ वेगवेगळी लिहा. नव्या मार्गाने त्याच वेळी रिक्षाने जा आणि थांब्यांची वेळ त्यात मिळवा. सरासरीवर वेळापत्रक बसवू नका. दहातल्या आठ-नऊ फेऱ्या ज्या वेळात पूर्ण होतात ती वेळ घ्या.

समजा जाऊन-येऊन, शेवटच्या थांब्यावरच्या विश्रांतीसह, ९६ मिनिटं लागतात आणि दर १२ मिनिटांनी बस आहे. म्हणजे ८ गाड्या. वळशाने ८ मिनिटं वाढली की १०४. कागदावर दिसतं की तेवढ्याच गाड्यांत १२ ऐवजी १३ मिनिटांनी बस येईल, मग बिघडलं कुठे? बिघडतं पाळीत. आठ तासांतून हजेरी, जेवण, तिकिटांच्या पैशांचा भरणा वजा करून चालक-वाहकांना रस्त्यावर ३९० मिनिटं मिळाली, तर आज चार फेऱ्या होतात. १०४ मिनिटांनी पावणेचार होतील, आणि पाऊण फेरी कुणी चालवत नाही. चौथी फेरी रद्द होते. आठ गाड्यांच्या ३२ फेऱ्या २४ वर येतात, म्हणजे एक चतुर्थांश सेवा जाते. हरकतीत हा हिशेब पूर्ण लिहा आणि विचारा: जादा गाडी आणि जादा पाळी मंजूर आहे का?

थांब्यांचं अंतर नकाशावर वर्तुळ काढून मोजू नका, चालून मोजा. ४०० मीटरला सेकंदाला १.२ मीटरच्या चालीने साडेपाच मिनिटं लागतात, ०.८ मीटरने चालणाऱ्या आजींना आठ मिनिटांहून जास्त, त्यात रस्ता ओलांडायची वाट वेगळी. जंगली महाराज रस्ता आणि फर्ग्युसन रस्ता या एकेरी जोडीवर रोज हेच घडतं: उतरायचं एका रस्त्यावर आणि परतीची बस धरायची दुसऱ्यावर. मधल्या गल्लीत दिवे आहेत का, पदपथावर १.८ मीटर मोकळी वाट आहे का, दवाखाना किंवा शाळा कुठल्या बाजूला पडते, हे लिहा. वळशाने तिकिटाचा टप्पा वाढतो का तेही पाहा.

मागचा रस्ता बारा मीटरच्या बसला वळायला पुरतो का, हे मोजपट्टीने ठरत नाही. पहाटे किंवा रात्री रिकामी बस फिरवून दाखवा अशी मागणी करा, आणि तीच फेरी संध्याकाळीही मागा. कोपऱ्यावरची विजेची डीपी (पेटी), खाली आलेली फांदी, रिक्षा स्टँड पहाटेही अडतात. भाजीच्या गाड्या आणि दुहेरी पार्किंग फक्त संध्याकाळीच दिसतं.

थांब्यागणिक चढ-उतार ई-तिकीट यंत्राच्या नोंदींतून काढता येते. माहिती अधिकारात अर्ज पहिल्याच दिवशी टाका, पण उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणून थांब्यावर उभं राहूनही मोजा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ नुसार एक महिन्यापर्यंतच्या निर्बंधाला राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. त्यामुळे प्रयोग झटकन सुरू होऊ शकतो. म्हणून हरकतीतच मागणी करा की यश कशाने ठरणार ते आधी जाहीर व्हावं: बसची फेरीवेळ, रद्द फेऱ्या, त्या थांब्यांवरचे प्रवासी, उलट दिशेने येणाऱ्या दुचाकी. पहिल्या आठवड्यातले आकडे धरू नका. लोक नवे रस्ते शोधत असतात आणि चौकात पोलीसही जास्त असतात. चौथ्या आठवड्यात, त्याच वारी, त्याच जागी, त्याच रकान्यांत पुन्हा मोजा.