धंदा कॉलेजात शिकता येतो का?

"मॅडम, आमच्या वडिलांनी कुठलं कॉलेज केलं होतं? तरी माग उभे केलेच ना!"

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आठ मागांवर टॉवेल विणणारे अण्णा माझ्यासमोर बसले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) बारावी झालेल्या मुलाला बीबीए, म्हणजे व्यवसाय व्यवस्थापनाची पदवी, करायची होती, अण्णांना तो उद्यापासून कारखान्यात हवा होता. मुलगा गप्प. सोलापुरात हा पेच माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतो.

मी विचारलं, "सुताचे पैसे कधी देता?"

"पंधरा दिवसांत."

"आणि टॉवेलचे हातात कधी येतात?"

"सूत घेतल्यापासून तीन महिने धरा."

महिन्याला चार लाखांचं सूत. अडीच महिन्यांचं अंतर, म्हणजे फक्त सुतापोटी दहा लाख कायम अडकलेले. मजुरी, वीजबिल वेगळं. ऑर्डर दुप्पट झाली की अडकतात वीस लाख. अण्णा एकदम म्हणाले, "दिवाळीला मोठी ऑर्डर घेतली, अन् पगाराला महिना दोन टक्क्यानं पैसे काढले!"

नफा असूनही हात रिकामा का, याचं उत्तर खेळत्या भांडवलात, म्हणजे रोजच्या व्यवहारात अडकून राहणाऱ्या पैशात, आहे आणि ते वर्गात शिकवतात. अण्णांना चटका बसला होता. त्यामागचं कारण कुणी सांगितलं नव्हतं. आँरी फायोल हा फ्रेंच खाण अभियंता. 1888 मध्ये त्यानं बुडत्या खाण कंपनीची सूत्रं घेऊन ती सावरली आणि 1916 मध्ये लिहिलं, की नियोजन, संघटन, आदेश, समन्वय, नियंत्रण हे व्यवस्थापन शिकवता येतं, शिकवायलाच हवं. अनुभव घेतलेला माणूसच हे सांगत होता, म्हणून मला त्याचं म्हणणं पटतं.

मुलालाही स्पष्ट सांगितलं: पदवीनं गिऱ्हाईक ओळखता येत नाही, सुट्टीच्या दिवशी मागावर उभं राहायचं. आणि 2024 पासून बीबीएला सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे, तिची तारीख चुकवू नकोस.

दोघं तेलुगूत काहीतरी बोलले. मग मुलगा पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाला, "नान्ना, रोख देणाऱ्या व्यापाऱ्याला दोन टक्के सूट दिली तर? अडीच महिन्यांचं व्याज पाच टक्के होतं."

अण्णांनी खिशातून उधारीची वही काढली आणि त्याच्यापुढे सरकवली.