गूगलला मोबाइल जमला, मग सोशल नेटवर्किंग का नाही जमलं?

मोबाइलचं गणित सोपं होतं. २००५ साली अँड्रॉइड विकत घेतलं आणि फोन कंपन्यांना फुकट वापरू दिलं. सॅमसंगपासून मायक्रोमॅक्सपर्यंत सगळे आले.

माणसं अशी गोळा होत नाहीत. गूगलचं पहिलं सोशल नेटवर्क ऑर्कुट २००४ चं, फेसबुकच्या जरा आधीचं. इंदूरला राजवाड्यामागच्या सायबर कॅफेत बसून आम्ही त्यावर स्क्रॅप (म्हणजे मित्राच्या पानावर निरोप) टाकायचो, ‘काय रे, रात्री सराफ्यात खायला येतोस का?’ मग सगळी गँग फेसबुकवर गेली. २०११ ला गूगलचं नवं नेटवर्क, गूगल प्लस आलं. पुढे यूट्यूबवर कॉमेंट करायलाही तेच लागायला लागलं, म्हणून खाती उघडली गेली. २०१९ ला बंद पडलं, तेव्हा माझ्या सर्कलमध्ये, म्हणजे तिथल्या मित्रयादीत, दोघंच: मावसभाऊ आणि त्याचंच दुसरं खातं.