ग्राहकांचे प्रश्न : कच्च्या पर्चीवरची खरेदी

प्रश्न : राजवाड्याजवळच्या एका दुकानातून मी साडेनऊ हजारांचा ग्राइंडर घेतला. घरी भाजणी व चटण्या करून विकणे हाच माझा चरितार्थ आहे. आठव्याच दिवशी मोटर बंद पडली. दुकानदार भिंतीवरची ‘बिका हुआ माल वापस नहीं होगा’ ही पाटी दाखवतो आणि पक्के बिल नसल्यामुळे तक्रारही होणार नाही, असे सांगतो. माझ्याजवळ कच्ची पर्ची आणि यूपीआयची नोंद एवढेच आहे.
– एक वाचक, इंदूर

उत्तर : दुकानदार ज्या दोन गोष्टींच्या आधारे आपल्याला परत पाठवतो आहे, त्या दोन्ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरतात. विकलेल्या मालाचे बिल न देणे ही एक. आणि सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, तशी मुदत लिहिलेली नसल्यास ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही दुसरी. बिल ज्याने दिले नाही त्यानेच ते मागावे, हा खरे तर उद्दामपणा आहे. मात्र ही तरतूद सदोष मालापुरती आहे; रंग आवडला नाही म्हणून वस्तू परत करण्याचा हक्क तिच्यातून मिळत नाही.

समोरून खरा आक्षेप येईल तो वेगळाच : वस्तू व्यापारासाठी घेतली, म्हणून आपण ग्राहकच नाही. परंतु केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या व स्वतः वापरलेल्या वस्तूला कायद्याने या अपवादातून वगळले आहे. म्हणून तक्रारीत ‘घरचा व्यवसाय’ असे मोघम न लिहिता काम आपण स्वतः करता आणि त्यावरच निर्वाह चालतो, हे स्पष्ट लिहावे.

प्रथम दुकानदाराला स्पीड पोस्टाने लेखी मागणी पाठवावी आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पुष्कळदा तेवढ्यावरही दुकानदार नमते घेतात. न घेतल्यास इंदूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. निकालासाठी कायद्याने तीन महिन्यांची अपेक्षा ठेवली आहे, पण व्यवहारात त्याहून अधिक काळ लागू शकतो, हे धरून चालावे.

तोवर मोटर कोणत्याही मिस्त्रीकडून उघडवू नये. दोष मुळातच होता की दुरुस्तीत झाला, असा वाद उभा राहिल्यास आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासणीसाठी पाठवू शकतो, आणि तेव्हा न उघडलेली मोटर पर्चीपेक्षाही अधिक उपयोगी पडेल.