बायोफिल्म, कीटण आणि न गिळवणारा घास

प्रश्न : एका आरोग्यविषयक लेखाच्या अनुवादात बायोफिल्मसाठी ‘जैवपटल’ हा शब्द योजला आहे आणि पुढे वाक्य आहे, ‘जैवपटलात जंतू प्रतिकारशक्तीपासून लपून बसतात.’ शब्द आणि वाक्य बरोबर आहेत का?

शब्द एक वेळ चालेल. वाक्य बदलावे लागेल.

‘पटल’ म्हटले की शाळेतले ‘प्रद्रव्यपटल’ आठवते, म्हणजे पेशीभोवतीचा सलग, पातळ पडदा. बायोफिल्म तशी नसते. जंतूंनी स्वतःच स्रवलेल्या चिकट बहुशर्करा, प्रथिने आणि पेशींबाहेर पडलेला डीएनए यांच्या गिलाव्यात रुतलेली ती वस्ती असते. जुनाट जखमेत किंवा फुप्फुसातल्या कफात तर ती कशावर पसरलेलीही नसते, नुसते गोळे असतात. तेव्हा मूळ इंग्रजी शब्दही तिथे तोकडाच पडतो. ‘बायोफिल्म’ तसाच ठेवावा, स्त्रीलिंगी चालवावा आणि पहिल्या उल्लेखाला ‘जंतूंचा चिकट थर’ एवढा खुलासा जोडावा, हे मला सोयीचे वाटते.

एका बायोफिल्मला मात्र मराठीत घरचे नाव आहे : दातांवरचे कीटण. संस्कृत ‘किट्ट’ म्हणजे मळ. मंडुराला, म्हणजे लोखंडाच्या मळीला, लोहकिट्ट म्हणतात ते यामुळेच. अडचण इतकीच की मऊ थर आणि तो क्षार बसून दगडासारखा झाल्यावरचा, दोन्हींना आपण कीटणच म्हणतो. पहिले ब्रशने निघते, दुसरे दंतवैद्याकडे खरवडावे लागते. अनुवादात ‘मऊ कीटण’ आणि ‘कडक कीटण’ असा फरक करावा. कॅथेटरवरच्या, म्हणजे शरीरात घातलेल्या नळीवरच्या, थराला कोणी कीटण म्हणणार नाही, म्हणून सर्वसाधारण संज्ञेसाठी तो शब्द ओढूताणून आणू नये.

आता ‘लपून बसतात’. हे क्रियापद सुचते खरे, पण प्रतिकारयंत्रणेला बायोफिल्मचा पत्ता चांगलाच लागलेला असतो. 1965 साली डेन्मार्कमधल्या आर्‍हुस इथे निरोगी हिरड्यांच्या 12 जणांनी दात घासणे थांबवले, तेव्हा 10 ते 21 दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू केल्यावर सूज ओसरली. जंतू लपले असते तर सूज कशाची आली असती?

खरे घडते ते असे. न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी साधारण 12 ते 15 मायक्रोमीटरची, जंतू एखाद्या मायक्रोमीटरचा. सुटा जंतू ती सहज गिळते आणि पोटात घेऊन मारते. जुनाट जखमेतला जंतूंचा गोळा मात्र 5 पासून 200 मायक्रोमीटरपर्यंत भरू शकतो. मराठीला यासाठी शक्य क्रियापद आयते आहे : पेशीला तो घास *गिळवत नाही*. मग ती आतली पाचकद्रव्ये आणि दाहक ऑक्सिजन-संयुगे बाहेरच ओतते. त्याने थर पुरता मरत नाही, शेजारची ऊती मात्र जळते. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जंतू तर ऱ्हॅम्नोलिपिड नावाचे साबणासारखे द्रव्य स्रवून जवळ आलेल्या न्यूट्रोफिलच फोडतो आणि त्यांचा सांडलेला डीएनए त्याच्याच गिलाव्यात मिसळतो. सिस्टिक फायब्रोसिस या फुप्फुसात चिकट कफ साठवणाऱ्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांत या जंतूविरुद्ध प्रतिपिंडे (जंतूला चिकटणारी संरक्षक प्रथिने) भरपूर तयार होतात. पण जंतूच्या प्रतिजनांशी (प्रतिपिंडे ज्यांना चिकटतात त्या अंशांशी) जुळून त्यांची जी संकुले होतात ती फुप्फुसालाच इजा करतात. म्हणून ‘प्रतिकारशक्ती कमी पडते’ हेही लिहू नये. ती जोरात असते आणि त्या जोराचा मार बराचसा आपल्याच अंगावर बसतो.

शरीरात परकी वस्तू असेल तर जंतूंचे आणखी फावते. 1957 च्या एका प्रयोगात निरोगी माणसाच्या त्वचेत पू होण्यासाठी स्टॅफिलोकॉकस जंतू दशलक्षांच्या घरात टोचावे लागले. रेशमी टाका असताना काहीशे जंतू पुरले. टाक्याच्या, कृत्रिम सांध्याच्या किंवा कॅथेटरच्या पृष्ठभागाशी झटून न्यूट्रोफिल आधीच दमलेल्या असतात. त्यामुळेच थर जुना झाला की वस्तू काढल्याशिवाय संसर्ग सहसा हटत नाही.

अनुवादकाने आणखी एक जोडी सांभाळावी. औषधरोधी जंतूत जनुकीय बदल झालेला असतो, त्यामुळे तो थराबाहेर काढला तरी औषधाला दाद देत नाही. बायोफिल्ममधला जंतू नुसता *तग धरतो* : खोल थरात अन्न-ऑक्सिजन कमी, वाढ मंद, आणि बरीच प्रतिजैविके वाढत्या पेशीवरच घाव घालतात. तोच जंतू सुटा करून वाढवला की साध्या मात्रेने मरतो. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘औषध लागू’ लिहिलेले आणि रुग्णाला मात्र उतार नाही, हा घोळ बऱ्याचदा इथला असतो. दोन्हींना सरसकट ‘प्रतिरोध’ म्हटले तर वाचकाला तो कळणारच नाही.

तेव्हा मूळ वाक्य असे करावे : ‘बायोफिल्ममधले जंतू पांढऱ्या पेशींना गिळवत नाहीत, ते प्रतिकारयंत्रणेला पुरून उरतात.’