वर्गाने चूक ऐकली, तर दुरुस्तीही वर्गालाच ऐकू दे

बाई, तुम्ही विचारलंय की नव्या वर्गातल्या एका मुलीला तुम्ही चार दिवस मुलगा समजून 'अरे' म्हणत होतात, आता तिच्याशी कसं बोलायचं. त्या मुलीच्या जागी मी होते, म्हणून लिहिते.

2003 चा जून. देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीतून मी 5वीला एसटीने हायस्कुलात जायला लागले होते. मे महिन्यात टायफॉइड झाला, केस मुठीमुठीने गळायला लागले, म्हणून आजीने न्हाव्याला घरी बोलावून गोटा करवला. गणवेश अजून शिंप्याकडेच, त्यामुळे अंगात दादाचा शर्ट आणि हाफपँट. त्यात नाव किरण. घाटावरून नुकतेच बदलून आलेल्या सरांनी मला मुलग्यांच्या रांगेत बसवलं, तर त्यांना बोल कसा लावू?

"मग तू तोंड का उघडलं नाहीस?" असं सगळे विचारतात. उघडलं की! सरांनी विचारलं, "कसा येतोस रे शाळेत?" मी म्हटलं, "एसटीन येतंय." आमच्या मालवणीत मुलगा काय, मुलगी काय, दोघंही 'येतंय'च म्हणतात. "गृहपाठ केलास का?" तर "केला". तिथे क्रियापद गृहपाठाच्या मागे जातं, माझ्या नाही. चार दिवस मी बोलत होते आणि कळत कुणालाच नव्हतं. 'सर, मी मुलगी आहे' हे एवढं वाक्य काही तोंडातून फुटेना.

पाचव्या दिवशी सर पासचे फॉर्म वाटायला लागले. अहिल्याबाई होळकर योजनेतून खेड्यातल्या मुलींना 5वीपासून शाळेसाठी एसटीचा पास फुकट मिळतो. मी उठून हात पुढे केला. सर म्हणाले, "अरे, हे मुलींचे आहेत." मागून कुणीतरी ओरडलं, "सर, ता चेडू आसा!" चेडू म्हणजे मुलगी. अख्खा वर्ग खिदळला. मी हात तसाच पुढे धरून उभी.

सर वर्गाकडे वळले. "चूक माझी आहे, तिची नाही. हसायचं तर मला हसा." कुणी हसलं नाही. हजेरीत माझ्या नावावर त्यांनी लाल रेघ मारली, खाली मुलींच्या यादीत ते पुन्हा लिहिलं आणि फॉर्म देताना म्हणाले, "पावसात भिजवू नकोस गं." ते 'गं' अजून कानात आहे.

तुम्हीही एवढंच करा. दोन वाक्यांत चूक स्वतःकडे घ्या आणि लगेच धडा सुरू करा. लांबण लावलीत तर सगळ्यांचे डोळे तिच्यावरच राहतील. आणि हात जोडून सांगते, तिच्या केसांवर, कपड्यांवर एक अक्षर बोलू नका. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका बाईंनी मला मायेनेच म्हटलं होतं, "केस वाढव हो, म्हणजे असं होणार नाही." केस मानेवर येईस्तोवर मी वर्गात डोक्यावरचा रुमाल काढला नाही.

सोमवारची वाट बघू नका, बाई. उद्याच्या हजेरीलाच बोला.